कुतूहल वाढवायचं कसं? आधी अंदाज, मग गूगल

"आमच्या मुलाला कशाचंच कुतूहल नाही हो" हे पालकांकडून आणि "अभ्यासात इंटरेस्टच येत नाही" हे एमपीएससीवाल्या पोरांकडून इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा बसून सविस्तर लिहूनच टाकू. मी काही मानसशास्त्राचा प्राध्यापक वगैरे नाही, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी, आयटीआय करून आलेल्या नवीन पोरांना मशीनवर तयार करायचं हे काम, त्यामुळे शिकणं कुठे अडतं आणि कुठे सुटतं ते रोज समोर दिसतं, आणि त्या नादाने या विषयावरचं जे काही हाती लागलं ते वाचत गेलो. त्यातलं जे वापरून बघण्यासारखं आहे तेवढंच खाली देतोय.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. लोकांना वाटतं आधी कुतूहल पाहिजे, मग शिकणं आपोआप होतं, म्हणून ते कुतूहल यायची वाट बघत बसतात आणि ते काही येत नाही. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. आधी थोडंफार कळावं लागतं, अगदी कंटाळत कंटाळत का होईना, मग त्यातलं आपल्याला काय कळलेलं नाही ते दिसायला लागतं आणि मग खाज सुटते. जॉर्ज लोवेनस्टाइन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९९४ साली हे नीट मांडलं, की आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत व्हावंसं वाटतं त्यातली फट लक्षात आली की कुतूहल जागं होतं. आता ज्याला क्रिकेटमधलं ओ की ठो माहीत नाही त्याला रिव्हर्स स्विंग कसा होतो हा प्रश्न पडेल कशाला? त्याच्या दृष्टीने सगळेच बॉल सारखे.

आपल्या इथलंच उदाहरण घ्या, दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा, शेवटही नाशकातच, १९४४ला. मुंबईत त्यांनी हलती चित्रं पाहिली आणि झपाटले ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती सांगताना एक मुद्दा हमखास गळतो. त्या काळात तसली चित्रं हजारो लोक बघत होते, टाळ्या वाजवत होते आणि घरी जाऊन झोपत होते. फाळक्यांना मात्र झोप लागेना, कारण त्यांनी आधी फोटोग्राफी केलेली होती, छपाईचा धंदा केलेला होता, ब्लॉक बनवणं, केमिकल, जादूचे प्रयोग, सगळीकडे हात घालून झालेला होता. त्यामुळे पडद्यावर काय चाललंय यातलं अर्धं त्यांना कळत होतं आणि उरलेलं अर्धं छळत होतं. मग १९१२ला लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि पैसेवाल्यांना पटवायला काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावून महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं, मग ते सलग दाखवलं, तर बी रुजून रोप वर येताना एका मिनिटात दिसलं. दुसऱ्या वर्षी, १९१३ला, त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट लोकांसमोर होता. पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे तिथे आपण सगळे शाळेच्या ट्रिपला जाऊन आलेलो आहोत, पण हे वाटाण्याचं पोरांना सांगितलेलं मी फारसं ऐकलं नाही.

तर पहिलं काम, थोडं भांडवल जमवा. नवीन विषय घेतला की पहिला आठवडा कुतूहलाची अपेक्षाच करू नका. त्या विषयातली पंधरा-वीस नावं आणि शब्द माहीत करून घ्या, काय कशाला म्हणतात एवढंच. दिंडोरी रोडने किंवा निफाडकडे जाताना दुतर्फा द्राक्षबागा दिसतात, आपण सगळे गाडीतून बघतो आणि पुढे जातो. पण एकदा का कळलं की बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी बहाराची, की लगेच डोक्यात येतं, अरे छाटणी दोनदा आणि पीक एकदाच, असं का? (एप्रिलच्या छाटणीनंतर ज्या नवीन काड्या येतात त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, उन्हाळ्यातच घड तयार व्हायला सुरुवात झालेली असते, ऑक्टोबरला छाटून तो डोळा फोडायचा, मग घड बाहेर पडतो.) दोन शब्द माहीत झाले आणि रोजचा रस्ता बदलला. सासुरवाडी निफाडची असेल तर मग विचारूच नका, जेवताना विषय काढायचा अवकाश, सासरेबुवा डॉगरिज खुंटापासून (ज्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात ती जात) सुरुवात करतील.

दुसरं काम, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही नाही केलं तरी एवढं करा. उत्तर बघण्याआधी अंदाज करा. नुसता मनातल्या मनात नाही, लिहून. वहीत, मोबाइलच्या नोट्समध्ये, बिलाच्या पाठीमागे, कुठेही, पण लिहून. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमधल्या संशोधकांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले, आधी उत्तराचा अंदाज करायला लावला, त्याबद्दल किती खात्री आहे आणि किती उत्सुकता आहे ते विचारलं आणि मग खरं उत्तर दाखवलं. दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांना उत्सुकता कमी, ज्यांना पक्की खात्री होती त्यांनाही कमी, सगळ्यात जास्त उत्सुकता कुणाला तर "असं असावं बहुतेक" म्हणणाऱ्यांना. आणि दुसरं म्हणजे ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती त्यांची उत्तरं, अंदाज चुकलेला असला तरी, एक-दोन आठवड्यांनी पुन्हा विचारल्यावर जास्त लक्षात राहिली होती. म्हणजे अंदाज चुकला तर काही बिघडत नाही. आपल्याकडे शाळेत चुकीचं उत्तर देणं म्हणजे अपमान, त्यामुळे मोठेपणीसुद्धा लोक अंदाज करायलाच घाबरतात, सरळ म्हणतात "नाही माहीत" आणि मोबाइल काढतात.

हे कसं करायचं त्याचा एक पावसाळी प्रकार सांगतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पेपरात आकडा येतो, इतके हजार क्युसेक, आणि नाशिककर विचारतात एकच, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? (गोदाघाटावरची मारुतीची उंच मूर्ती, पुराचं पाणी तिच्यावरून मोजतात.) गुडघ्याला, कमरेला, छातीला. तर घरात तो आकडा वाचला की सगळ्यांनी गंगेवर (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो) जाण्याआधी अंदाज लिहायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे पोरांना सांगा, मग पाच हजार क्युसेक म्हणजे किती ते त्यांनाच करू द्या, सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर निघतं आणि घरातल्या पिंपाशी तुलना करून पोरं वेडी होतात. मग घाटावर, अर्थात पोलिसांनी लावलेल्या दोरीच्या अलीकडून, बघायचं. अंदाज चुकला की पुढचे प्रश्न आपोआप येतात, धरणातून सुटलेलं पाणी इथे यायला किती वेळ लागतो, मधे कुठले नाले मिळतात, आकडा मागच्या वेळचाच असून पाणी जास्त का चढलं. यातला एकही प्रश्न तुम्हाला शिकवावा लागत नाही.

तिसरं, उत्तर जरा अडवून धरा. हे ऐकायला विचित्र वाटतं पण यामागेही प्रयोग आहे. २०१४ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून प्रश्न दाखवले, उत्तर यायच्या आधी काही सेकंद थांबवलं आणि त्या मधल्या वेळात एक अनोळखी चेहरा दाखवला, ज्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. नंतर तपासलं तर ज्या प्रश्नाची उत्सुकता जास्त होती त्याच्या वाटेत दिसलेले चेहरेसुद्धा लोकांना जास्त आठवत होते. मेंदूतला बक्षिसाचा भाग, डोपामिनवाला, आणि आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस, हे दोन्ही त्या वेळी एकमेकांशी जास्त जुळून काम करत होते. म्हणजे उत्सुकता पेटलेली असताना आजूबाजूचं, एरवी कंटाळवाणं असलेलंही काही आत जातं. प्रयोगात तो काळ सेकंदांचा होता, त्यावरून फार मोठे इमले बांधू नयेत, पण माझा अनुभव असा आहे की अभ्यासाला याचा उपयोग होतो. भूगोलाचा धडा उघडण्याआधी एक प्रश्न लिहून ठेवा, गोदावरी त्र्यंबकला उगवते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, मग ती उलटी फिरून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का जाते? अंदाज लिहा. आणि मग धडा पहिल्यापासून वाचा, उत्तराच्या पानावर उडी मारू नका. वाटेत सह्याद्री, दख्खनचं पठार, उपनद्या, सगळं येतं आणि या वेळी ते कामाचं वाटतं कारण तुम्ही काहीतरी शोधताय. (पठाराची पश्चिमेकडची कड उचललेली आहे, उतार पूर्वेकडे आहे. पण हे मी सांगून तुमची मजा घालवली, माफ करा.)

इथे मोबाइलचं बोलावंच लागेल. गूगल वाईट नाही, एआयही वाईट नाही, मी दोन्ही रोज वापरतो. प्रॉब्लेम हा आहे की प्रश्न पडल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा जो मधला काळ, ज्यात डोकं चालतं, तोच त्यांनी खाऊन टाकलाय. म्हणून नियम साधा ठेवा, आधी अंदाज, मग गूगल. दोन मिनिटंही पुरतात. आणि दुसरं ते रील्स, "शेवटपर्यंत बघा, विश्वास बसणार नाही" वाले. त्यातही उत्सुकता वाटतेच, नाही असं नाही, पण डॅनियल बर्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वीच फरक केलाय, एक उत्सुकता असते नुसता कंटाळा घालवायला काहीतरी नवं हवं म्हणून, आणि एक असते एका ठरावीक गोष्टीचं उत्तर हवं म्हणून. पहिली तुम्हाला रात्री एकपर्यंत जागवते आणि सकाळी विचारलं काय पाहिलं तर सांगता येत नाही. ओळखायची खूण सांगतो, मला नक्की काय जाणून घ्यायचंय हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत असेल तर बघा खुशाल. येत नसेल तर तुम्ही नुसतं सरकवत आहात.

आता ज्यांना वाटतं "मला माझ्या कामातलं सगळं माहीत आहे, कुतूहल कशाचं करू" त्यांच्यासाठी एक जालीम औषध. कुठलीही रोजची वस्तू घ्या आणि ती कशी चालते ते पायरीपायरीने लिहून काढा. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये हेच केलं, लोकांना विचारलं की चेन (पॅन्टची हो), संडासचा फ्लश, कुलूप, शिलाई मशीन हे कसं चालतं ते तुम्हाला किती कळतं, लोकांनी ऐटीत चांगले मार्क दिले स्वतःला, मग म्हटलं लिहा सविस्तर, आणि लिहिता लिहिता सगळे खाली आले. तुम्ही ॲक्टिव्हा घ्या. पायाने टाकायचे गिअर नाहीत, हाताने दाबायचा क्लच नाही, तरी सीबीएसवरून (मधल्या बसस्टँडवरून) निघताना हळू जोर आणि हायवेला स्पीड हे दोन्ही कसं जमतं? लिहा बघू. बहुतेक जण "ऑटोमॅटिक असतं ना ते" इथे थांबतात. आत एक बेल्ट असतो, पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात, इंजिन जोरात फिरलं की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पुलीच्या दोन तबकड्या जवळ ढकलतात, बेल्ट वर चढतो, म्हणजे पुली जणू मोठी होते. पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्या मेकॅनिकला म्हणा "दादा, जरा व्हेरिएटर उघडाल तेव्हा दाखवा", तो खूश होतो, खरंच, कारण त्याला असं कोणी विचारतच नाही, सगळे फक्त बिल विचारतात.

आमच्याकडे शॉपफ्लोअरवर हेच वेगळ्या रूपात दिसतं. नवीन पोरगा सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) लागला की त्याला ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, कसा द्यायचा ते शिकवतात, सकाळी जॉबची, म्हणजे मशीनवर घडवायच्या तुकड्याची, साइझ बदलली की दोन-चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मार, झालं. नव्वद टक्के तिथेच राहतात. एखादा असतो जो विचारतो, "सर, रोज सकाळीच का बदलते, दुपारी का नाही?" मी उत्तर देत नाही, त्याला कागद देतो, तासातासाला साइझ लिही म्हणतो आणि तुझा अंदाज वर लिही. कोणी लिहितं टूल झिजतं, कोणी लिहितं व्होल्टेज. मग दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन बंद राहून थंड झालं की आकडा पुन्हा सरकतो आणि तिथे पोराचे डोळे चमकतात, सर हे गरम-थंडचं आहे. मग त्याला सांगायचं की स्टील मीटरला दर डिग्रीमागे साधारण बारा मायक्रॉन वाढतं, म्हणजे शंभर मिलिमीटरचा जॉब दहा डिग्री तापला तर बारा मायक्रॉन, आणि तुझा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती आहे बघ. आता हेच मी पहिल्या दिवशी बोर्डावर लिहून दिलं असतं तर त्याने वहीत उतरवलं असतं आणि विसरला असता. त्याने आठ तास आकडे लिहिलेत, आता तो जॉब मशीनमधून गरमागरम काढून मायक्रोमीटर लावणार नाही कधी.

कंपन्यांत यासाठी "व्हाय-व्हाय" नावाचा फॉर्म असतो, जपानी पद्धत, पाच वेळा "का" विचारायचं, टोयोटाकडून आलेली. पद्धत उत्तम आहे. पण ऑडिटच्या आदल्या रात्री बसून पाचही "का" एकाच पेनाने आणि एकाच अक्षरात भरलेले मी पाहिलेत, प्रत्येकाच्या शेवटी उत्तर काय, तर "ऑपरेटरला ट्रेनिंगची गरज". त्याला कुतूहल म्हणत नाहीत. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर पाच काय पन्नास "का" विचारा.

मुलांचं थोडक्यात. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या आसपासच्या इंग्लंडमधल्या मुलींचं बोलणं घरी आणि बालवाडीत रेकॉर्ड केलं होतं, १९८४ला ते छापून आलं. घरी आईशी बोलताना मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या, बालवाडीत बाईंना २. तीच मुलगी, फक्त जागा वेगळी. त्यामुळे "याला कुतूहलच नाही" म्हणण्याआधी हे बघा की त्याला विचारायला जागा कुठे आहे. सध्या एक फॅशन आलीय, पोराने काही विचारलं की लगेच "तुला काय वाटतं?" म्हणून उलट टोलवायचं. अधूनमधून ठीक आहे, दर वेळी केलं तर पोरं वैतागतात, आणि बरोबर आहे त्यांचं. "आई, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं?" विचारलं तर सरळ सांगा की कांदा कापला की आतले दोन पदार्थ एकत्र येऊन एक झोंबणारा वायू तयार होतो, आणि मग म्हणा, फ्रीजमध्ये ठेवलेला कांदा चिरला तर कमी येईल का जास्त, काय वाटतं? म्हणजे थोडं द्यायचं आणि पुढची फट दाखवायची. नाही माहीत तर "मला नाही माहीत, रविवारी बघू" म्हणा, पण मग रविवारी खरंच बघा, नाहीतर पोरांना कळतं की रविवार म्हणजे कधीच नाही.

अजून एक, कुतूहलाने सगळं होत नाही. पाढे पाठ करावेच लागतात, इंग्रजी स्पेलिंग घोकावीच लागतात, एमपीएससीची कलमं रात्री बसून पुन्हा पुन्हा काढावीच लागतात. कुतूहल तुम्हाला पुस्तकापाशी आणून बसवतं, पुढची मेहनत वेगळी. जे म्हणतात "मजा आली पाहिजे तरच शिकेन" त्यांचं कशातच फार पुढे गेलेलं मी बघितलेलं नाही.

आता सरावासाठी एक पूर्ण रविवार देतो, नाशिकमधल्या कुणालाही जमेल असा, खर्च फक्त रिक्षाचा आणि उतरल्यावर मिसळीचा. पांडवलेणीला जा. आपण तिथे जातो, पायऱ्या चढतो, दम लागतो, वरून शहर दिसतं त्याचे फोटो काढतो आणि खाली येतो. या वेळी जाण्याआधी एवढंच भांडवल घ्या, इथे २४ लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख आहेत, आणि १० नंबरच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा (इथल्या तेव्हाच्या शक राजाचा) जावई उषवदात याने लिहवून घेतलेला एक लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. आता अंदाज करा, एवढा मोठा माणूस दगडात कायमचं काय कोरून ठेवेल? युद्ध? देवाची स्तुती? लिहून ठेवा.

तर त्यात आहे हिशोब. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) ठेवली, तीही गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे. २००० एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे, महिन्याला शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि पुढे लिहिलंय की २००० च्या व्याजातून इथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं कपड्यांसाठी द्यायची. आता तिथेच उभं राहून गणित करा. २००० वर महिन्याला शेकडा एक म्हणजे २०, वर्षाचे झाले २४०. वीस गुणिले बारा, २४०. पैसा न पैसा जुळतो! मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्या भिंतीकडे बघतच राहिलो. आणि हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडने पुढे गेलं की लागतं ते आपलं गोवर्धन गाव असं मानतात, जिथून आपण कितीदा गेलोय.

आणि खरी मजा यापुढे आहे. एकाच गावातल्या दोन विणकर श्रेणी, मग एकीला शेकडा एक आणि दुसरीला पाऊण असं का? एकीची पत कमी होती का, रकमेवर रेट ठरत होता का, की दोन वेगवेगळ्या वेळच्या ठेवी? लेख हे सांगत नाही. माझा अंदाज माझ्या वहीत आहे, तुमचा तुम्ही लिहा. बँकेत काम करणारे मित्र असतील तर त्यांना बरोबर न्या, ते या एका प्रश्नावर मिसळ संपेपर्यंत भांडतात.

शेवटचं काम म्हणजे माणसांना विचारणं, आणि यातच लोक सगळ्यात जास्त कच्चे असतात. वाचनासाठी सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४०पासूनचं, पण काही गोष्टी पुस्तकात कमी आणि हातात जास्त असतात. त्यासाठी जुन्या नाशकात भांडी बाजार, तांबट गल्ली. तिथे जाऊन "काका, तुमच्या व्यवसायाबद्दल माहिती सांगा" असं विचारलंत तर "काय सांगू, पूर्वीसारखं नाही राहिलं" एवढंच मिळेल, कारण प्रश्नच तसला आहे, त्याला धरायला काही नाही. आधी थोडं वाचून जा आणि हातातल्या कामाबद्दल विचारा. कल्हई चालू असेल तर भांडं तापलं की आत नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकतात, पांढरा धूर निघतो, मग कथलाची (टिनची) कांडी टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतात, क्षणात आतून चांदीसारखं होतं. तुम्हाला एवढं माहीत असेल की कथील २३२ डिग्रीलाच वितळतं आणि तांबं हजाराच्या वर, तर प्रश्न आपोआप नेमका येतो, "काका, तापलं हे कशावरून ओळखता? जास्त तापलं तर काय होतं?" यावर माणूस बोलायला लागतो. रंगावरून सांगेल, वासावरून सांगेल, नवसागर टाकल्यावर धूर कसा उठतो त्यावरून सांगेल. नवसागराने तांब्यावरचा काळपट थर निघतो, नाहीतर कथील धरतच नाही, हे पुस्तकात मिळेल, पण हात कधी उचलायचा ते फक्त तो सांगू शकतो.

दोन पथ्यं. विचारताना मोबाइलचा कॅमेरा तोंडासमोर धरू नका, आधी उभं राहून बघा, मग विचारा, मग परवानगी घेऊन फोटो. आणि एखादं छोटं भांडं किंवा घरातला कल्हई उडालेला टोप बरोबर न्या, गिऱ्हाईक म्हणून गेलात की वेळ मागायला संकोच वाटत नाही आणि त्यांचाही वेळ वाया जात नाही. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जरा निवांत असतात. फक्त धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि तुम्ही कथलाचा वितळणबिंदू काढलात तर काका टोपासकट बाहेर काढतील.